माणूस असल्याचा पुरावा कोणी द्यायचा?

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या परिसरात पाळी सुटली की कारखान्याच्या बसमधून उतरलेले कामगार खोलीवर जाण्याआधी चौकातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानासमोर थांबताना दिसतात. दुकानाच्या पाटीवर पॅनकार्ड, रेल्वेचे तिकीट, आधार दुरुस्ती यांच्या जोडीला 'पी. एफ. काढून मिळेल' असेही लिहिलेले असते. शासनाने आपला कारभार ऑनलाईन केला तो कचेरीपुढची रांग नाहीशी व्हावी म्हणून. प्रत्यक्षात रांग नाहीशी झाली नाही. ती कचेरीच्या दारातून उठून दुकानाच्या दारात गेली, आणि जी सेवा विनाशुल्क म्हणून जाहीर झाली तिला दुकानात दर लागू झाला.

असे का व्हावे, या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. अशिक्षितपणा, इंग्रजीचे भय, आधार आणि बँकखात्यावरील नावांतील तफावत ही कारणे वारंवार सांगितली जातात व ती खरीही आहेत. परंतु एका कारणाचा उल्लेख कोणी करीत नाही, कारण ते फार क्षुल्लक वाटते. अर्जाच्या तळाशी एक लहानशी चौकट असते. तिच्यात वेडीवाकडी, एकमेकांत गुंतलेली, रेघांनी खोडलेली रोमन अक्षरे व आकडे असतात. ती ओळखून शेजारच्या रकान्यात जशीच्या तशी भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. यालाच कॅप्चा म्हणतात. अर्ज भरणारा माणूस आहे, यंत्र नव्हे, याची खात्री करून घेण्यासाठी ही परीक्षा असते. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर ती आहे. असंघटित श्रमिकांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये सुरू केलेल्या ई-श्रम नोंदणीत ती आहे. 'लाडकी बहीण' योजनेतील स्त्रियांवर सप्टेंबर 2025 मध्ये जी ऑनलाईन पडताळणी बंधनकारक झाली, तिच्यातही ती आहे. ही चौकट क्षुल्लक आहे काय, आणि ती ज्या कामासाठी बसवली ते काम ती करते काय, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

प्रथम या परीक्षेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 1950 साली ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने एक प्रश्न उपस्थित केला होता: समोर न दिसणाऱ्या दोघांशी लेखी संभाषण करून त्यांतला माणूस कोण आणि यंत्र कोण हे परीक्षकाला ओळखता येईल काय? त्या कल्पनेत परीक्षक माणूस होता. पन्नास वर्षांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी तिची उलटापालट केली. परीक्षक यंत्र झाले व परीक्षार्थी माणूस. आणि त्यांनी या परीक्षेला कॅप्चा हे नाव दिले. हे करण्यास सबळ कारण होते. संगणकाचा एक आज्ञासंच एका मिनिटात हजारो खोटे अर्ज भरू शकतो, परवलीचे शब्द एकामागून एक ताडून पाहू शकतो, दुसऱ्याची माहिती ओरबाडून नेऊ शकतो. सार्वजनिक संकेतस्थळाला अशा हल्ल्यापासून संरक्षण हवेच. कारण त्यामागे जी माहिती आहे ती शासनाची नसून लोकांची आहे. तेव्हा दाराला कडी नको असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, ही कडी चोराला अडवते की घरच्याच माणसाला.

ज्या काळी यंत्राला वाकडी अक्षरे वाचता येत नव्हती त्या काळी या परीक्षेला अर्थ होता. तो काळ मागे पडला. अशा अक्षरकोड्यांचा सर्वांत अवघड प्रकारही आपले यंत्र 99.8 टक्के अचूकपणे सोडवते, असे गूगल कंपनीनेच 2014 मध्ये जाहीर केले. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये प्रत्यक्ष माणसांना या परीक्षांना बसवून पाहिले, तेव्हा वेग आणि अचूकता या दोन्ही बाबतींत यंत्रे माणसांपेक्षा सरस ठरल्याचा निष्कर्ष त्यांच्या हाती आला. म्हणजे जिला माणूस अधिक वेळा चुकतो आणि यंत्र सहज उत्तीर्ण होते, अशी ही माणूसपणाची परीक्षा आहे. अशी परीक्षा चालू ठेवणाऱ्या संस्थेला सुरक्षिततेचे समाधान मिळते, सुरक्षितता मिळत नाही.

आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. चाकणच्या पट्ट्यातला बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा कामगार छठपूजेला गावी जाण्यासाठी तत्काळ तिकिटाच्या मागे असतो. रेल्वेच्या आरक्षणाच्या संकेतस्थळावर कॅप्चाची चौकट वर्षानुवर्षे होती. तरीही तत्काळ आरक्षण उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशाच्या एकूण प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असतात, असे रेल्वे मंत्रालयाला जून 2025 मध्ये सांगावे लागले. उपाय म्हणून मंत्रालयाने काय केले? यंत्रांची रहदारी संकेतस्थळाच्या मागच्या बाजूलाच ओळखून रोखणारी व्यवस्था बसवली आणि सुमारे अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली. प्रवाशाला आणखी वेडीवाकडी अक्षरे वाचायला लावून हे साधले नाही. 'लाडकी बहीण' योजनेचा लाभ 14 हजारांहून अधिक पुरुषांनी घेतल्याचे 2025 मध्ये उघडकीस आले, तेव्हा ते लाभार्थी यंत्रे नव्हती, माणसेच होती. माणूस असल्याचा पुरावा मागणारी कोणतीही चौकट त्यांना अडवू शकली नसती.

ही परीक्षा यंत्राला अडवत नसेल तर ती कोणाला अडवते, हे पाहण्यासाठी पिंपरी-चिंचवडपेक्षा योग्य ठिकाण सापडणार नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील काळात या भागातील माळरानांवर मोटारींचे व यंत्रांचे कारखाने पसरले. त्या पिढीच्या कामगारालाही फाटकावर आपली ओळख पटवावी लागे. परंतु ती पटवून घेणारा समोर दुसरा माणूस असे. बिल्ला घरी राहिला तर पहारेकऱ्याशी बोलता येई, टाइमकीपरकडे जाता येई, प्रसंगी युनियनच्या प्रतिनिधीला बोलावून वाद घालता येई. आजच्या कामगारासमोर जी चौकट आहे तिच्याशी वाद घालता येत नाही. तिला फक्त बरोबर आणि चूक एवढेच कळते. आणि चूक झाल्यावर ती कारण सांगत नाही, नवी अक्षरे समोर टाकते.

या पट्ट्यातील कामगाराचे स्वरूपही बदलले आहे. कायम कामगारांच्या शेजारी कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि 'ट्रेनी' उभे आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेल्या तरुणाचा कंत्राटदार काही महिन्यांनी बदलतो; त्याबरोबर त्याचे भविष्यनिर्वाह निधीतील खातेही बदलते. निरनिराळी खाती एका सूत्रात बांधण्यासाठी 2014 मध्ये सर्व कामगारांना एकच कायम क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. ही सुधारणा स्वागतार्ह होती. पण तो क्रमांक शोधणे, चालू करणे, जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग करणे, ती काढणे ही सगळी कामे संकेतस्थळावर होतात. तेथे जाणारा कामगार कायम कर्मचाऱ्यासारखा कंपनीच्या कार्यालयातील संगणकापुढे बसलेला नसतो. त्याच्या हातात तडा गेलेल्या काचेचा मोबाईल असतो, डोळ्यांवर रात्रपाळीचा भार असतो, आणि एका खोलीत सहाजण राहत असल्याने निवांतपणाही नसतो. समोरचे अक्षर शून्य आहे की 'ओ', आकड्यातला एक आहे की 'एल', मोठ्या लिपीतला 'एस' की लहान, याचा निर्णय त्याने बोटाएवढ्या चौकटीत करावयाचा असतो. प्रेसवर बोट गमावलेल्या कामगाराने तो कसा करावा, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आलेला दिसत नाही. काही खासगी नोकरभरतीच्या संकेतस्थळांवर अक्षरांऐवजी चित्रे असतात. दिवसभर बसचे सुटे भाग जोडणाऱ्या माणसाला तेथे अमेरिकेतील रस्त्यावरची शाळेची पिवळी बस किंवा आग विझवण्याचा नळखांब ओळखावा लागतो. त्याने तो आयुष्यात पाहिलेला नसतो. म्हणून तो माणूस ठरत नाही.

तीन-चार वेळा असे झाले की तो दुकानात जातो. तेथे नेमके काय घडते? दुकानदार त्याचा क्रमांक घेतो, परवलीचा शब्द घेतो, त्याच्या मोबाईलवर आलेला आधारचा सांकेतिक आकडाही मोठ्याने विचारून घेतो. सुरक्षिततेसाठी लावलेल्या कडीमुळे कामगार आपल्या तिजोरीची किल्लीच परक्याच्या हाती देऊन बसतो. दुकानदार बहुधा प्रामाणिक असतो, आणि चार पैसे घेऊन तो एका गरजूचे काम करून देतो. परंतु ज्या व्यवस्थेची सुरक्षितता दुकानदाराच्या सचोटीवर अवलंबून आहे तिला सुरक्षित कसे म्हणावे? शिवाय त्या तिजोरीत दानधर्माचा पैसा नाही. कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून दरमहा सर्वसाधारणपणे 12 टक्के कापून जमा झालेली ती त्याचीच मजुरी आहे. कापून घेताना तो माणूस आहे की यंत्र, असे कोणी विचारले नव्हते.

या व्यवहाराकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे रूप अधिक स्पष्ट होते. एखादा खर्च करणे टाळावयाचे असेल तर तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे हा जुनाच मार्ग आहे. कारखाना सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडतो तेव्हा तो हेच करतो. संकेतस्थळाचे रक्षण करण्यास चांगले तंत्रज्ञ आणि सतत देखरेख लागते. त्याला पैसा लागतो. त्याऐवजी चौकट बसवली की तो खर्च अर्जदारांच्या वेळेतून भरून निघतो. एका कोड्याला 15 सेकंद लागतात असे धरले, तरी एक कोटी अर्जांमागे 41 हजार 600 हून अधिक तास खर्ची पडतात. आठ तासांच्या हिशेबाने सुमारे 5 हजार 200 पाळ्या झाल्या. हे श्रम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत, कारण ते विनामूल्य आहेत. अशा श्रमांतूनही लाभ काढता येतो हे जगाने पाहिले आहे. 2007 मध्ये निघालेल्या कॅप्चाच्या एका सुधारित प्रकारात लोकांपुढे जुन्या वृत्तपत्रांतील व पुस्तकांतील न वाचता आलेले शब्द ठेवले जात, आणि लोक नकळत ते वाचून देत. 2009 मध्ये गूगलने ती पद्धत विकत घेतली. काम कोट्यवधी लोकांनी केले. मालमत्ता एका कंपनीची झाली.

याच व्यवहाराची दुसरी बाजू अधिक विदारक आहे. ही कोडी माणसांकडून घाऊक सोडवून घेणारा बाजार उभा राहिला, आणि त्यात राबणारे हात प्रामुख्याने भारत, बांगलादेश, चीन अशा देशांतले होते. 2010 च्या सुमारास तेथे एक हजार कोडी सोडवण्याचा मोबदला साधारण एक डॉलर किंवा त्याहूनही कमी होता. 15 सेकंदांचाच हिशेब धरला तर हजार कोड्यांना चार तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे माणूसपणाची परीक्षा ही अशी वस्तू झाली की, पैसेवाल्या भामट्याला ती चार तासांच्या स्वस्त मजुरीत विकत मिळते, आणि प्रामाणिक गरिबाला ती स्वतःच्या डोळ्यांनी व स्वतःच्या वेळात द्यावी लागते. जी व्यवस्था गरिबाच्या श्रमानेच मोडता येते आणि गरिबालाच अडवते, तिचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावयाचे?

परंतु या सर्वांहून गंभीर गोष्ट आणखी एक आहे, आणि लोकशाही मानणाऱ्या प्रत्येकाने तिचा विचार केला पाहिजे. कचेरीत दिलेला अर्ज फेटाळला गेला तर त्याची नोंद होते, कारण सांगावे लागते, वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 याच पायावर उभा आहे: अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत आहे, ती पाळली नाही तर अपील आहे. पण मुदत सुरू होते अर्ज दाखल झाल्यावर. जो अर्ज चौकटीपाशीच अडकला तो दाखल झालाच नाही. त्याला पोच नाही, क्रमांक नाही, मुदत नाही, अपील नाही. शासनाच्या दफ्तरी अशा माणसाने काही मागितलेच नव्हते. वर्षअखेरीस अहवाल निघतो की, आलेल्या अर्जांपैकी इतके टक्के मुदतीत निकाली निघाले. त्या टक्केवारीत न आलेले अर्ज धरलेले नसतात. फेटाळलेला माणूस आकडेवारीत उरतो. दारातून परतलेला माणूस तिच्यातूनही पुसला जातो. एखादा अधिकारी रोज दहा अर्जदारांना तोंड न उघडता परत पाठवू लागला तर त्याच्यावर मोर्चा जाईल. चौकट हेच काम रात्रंदिवस करते आणि तिला साधी विचारणाही होत नाही.

याबाबत न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे. बँकेच्या ऑनलाईन ओळखपडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका स्त्रीला ती करता येत नव्हती, आणि म्हणून तिचे खाते उघडले जात नव्हते. तिच्या व दृष्टिहीनांच्या वतीने आलेल्या याचिकांवर न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आणि प्रक्रिया सर्वांना सुलभ करण्यासाठी 20 निर्देश दिले. या निकालाचा अर्थ अपंगांपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. ज्याला रोमन लिपी सफाईने वाचता येत नाही, ज्याची दृष्टी वेल्डिंगच्या ठिणग्यांनी अधू झाली आहे, ज्याच्या हातचे यंत्र स्वस्तातले आहे, त्याच्याही बाबतीत दार तेच आणि अडथळाही तोच आहे.

या निकालाकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. अक्षरांची चौकट निकामी झाली हे व्यवस्थेलाही कळू लागले आहे. पण त्यावर सुचणारा उपाय अनेकदा अधिक कडक परीक्षेचा असतो. आज अक्षरे, उद्या चेहरा, परवा आणखी काही. भविष्यनिर्वाह निधीचा नवा क्रमांक देताना मोबाईलवर चेहरा पडताळण्याची पद्धत 2025 मध्ये आणली गेली. प्रत्येक नव्या पायरीला सुरक्षिततेचे नाव आहे, आणि प्रत्येक पायरीवर पुरावा देण्याचे ओझे नागरिकावरच आहे. हे ओझे कोठे थांबावे याचा निर्णय तंत्रज्ञांवर सोपवता येणार नाही. तो राजकीय निर्णय आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, जेथे आधारशी जोडलेल्या मोबाईलवर सांकेतिक आकडा पाठवून ओळख पटवली जाते, तेथे पुन्हा अक्षरकोडे विचारू नये. हवे तर एका क्रमांकावर एका तासात किती वेळा आकडा मागवता येईल यावर मर्यादा घालावी. दुसरी, यंत्राला अडवण्याचे ओझे यंत्रणेनेच उचलावे. माणसाला न दिसणारा पण यंत्र हमखास भरणारा रकाना अर्जात ठेवणे, दोन सेकंदांत भरून आलेला अर्ज बाजूला काढणे, एकाच ठिकाणाहून येणाऱ्या अर्जांच्या लोंढ्यावर बंधन घालणे, हे मार्ग तंत्रज्ञांना ठाऊक आहेत आणि अर्जदाराला त्यांचा पत्ताही लागत नाही. संशय आला तरच परीक्षा घ्यावी. प्रत्येकाला संशयित मानून नव्हे. तिसरी, जेथे परीक्षा अपरिहार्य आहे तेथे ती मराठीतही असावी, ऐकूनही देता यावी, आणि दोनदा चुकल्यावर अर्जाला तात्पुरता क्रमांक मिळावा, म्हणजे अडलेल्या माणसाची नोंद तरी राहील. कोणत्या संकेतस्थळावर किती जण या पायरीवरून परतले, हा आकडा दर तिमाहीस प्रसिद्ध करणे सक्तीचे असावे. तो आकडा यंत्रणेला सहज मिळू शकतो.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आहे. 2011 च्या जनगणनेतच 17 लाखांवर लोकसंख्या गेलेल्या या महानगरात आणि चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीच्या वेळा सांभाळून उघडी राहणारी, पगारी कर्मचारी बसलेली मदतखिडकी असावी. महानगरपालिकेची क्षेत्रीय कार्यालये आहेत, कामगार विभाग आहे, भविष्यनिर्वाह निधीची यंत्रणा आहे. कारखान्यांना पाणी, वीज, रस्ता पुरवण्यासाठी एका खिडकीची योजना होऊ शकते, तर त्या कारखान्यांत राबणाऱ्यांसाठी एक खिडकी होण्यास कोणती अडचण आहे? कामगार संघटनांनीही आपल्या मागणीपत्रकात या गोष्टीला जागा दिली पाहिजे. पगारवाढीच्या कराराइतकाच, मिळालेला पगार पदरात पडण्याचा मार्गही वाटाघाटीचा विषय आहे.

नागरिकाने आपली ओळख देणे योग्यच आहे. परंतु ओळख देणे निराळे आणि माणूस असल्याचा पुरावा देणे निराळे. पहिली गोष्ट शासन मागू शकते. दुसरी गृहीत धरणे हे शासनाचे कर्तव्य आहे.